ट्रकची धडक आणि आपली गाडी

आरोग्याच्या पानावर अपघात कशाला, असे काही वाचक विचारतील. मधुमेह, रक्तदाब, सिकलसेल, बाळंतपण यांवर आम्ही लिहितोच आणि पुढेही लिहू. पण 2022 या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मेली. हा सरकारचा आकडा आहे. यातली बहुतेक माणसे कमावत्या वयाची होती. ज्या घरात एकच माणूस कमावतो, त्या घरावर अपघात म्हणजे मोठ्या आजारापेक्षा वाईट घाला. आजाराला निदान दोन-चार महिन्यांची सवड असते.

दुसरे कारण आताच्या दिवसांचे. ऑक्टोबर ते जानेवारी आपल्या वस्त्यांमधून गाड्याच गाड्या निघतात. अशोक विजयादशमीला नागपूर, 6 डिसेंबरला दादर, 1 जानेवारीला भीमा कोरेगाव. ज्यांना रेल्वे सोयीची नाही ते वर्गणी काढून जीप, सुमो, इको, टेम्पो ट्रॅव्हलर ठरवतात. दिवसाची मजुरी बुडू नये म्हणून रात्री निघायचे, पहाटे पोहोचायचे आणि रात्रीच परत फिरायचे. आणि नेमका हाच उसाचा हंगाम असतो. रस्त्यावर ट्रक, कंटेनर आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आपल्या सोबतीला असतात.

मागच्या महिन्यात विहारात महिला मंडळाची बैठक होती. शेजारच्या गावातल्या एका अपघाताचा विषय निघाला. गाडी ट्रकवर गेली होती. एक आजी म्हणाल्या, "सिस्टर, त्याहिची वेळच आली होती. नाहीतर ट्रकवाल्याला साधं खरचटलं बी नाही, अन् गाडीतले चारही गेले, असं कसं होईल?"

आजींचा प्रश्न अगदी बरोबर होता, उत्तर तेवढे चुकीचे होते. ट्रकवाला वाचतो आणि गाडीतले मरतात यामागे वेळ, ग्रह, नशीब काही नाही. त्याचा हिशेब मांडता येतो. तो आम्ही तिथेच फळ्यावर मांडला, तोच इथे देतो.

दहा चाकांचा ट्रक, म्हणजे तीन आसांचा, कायद्याने मालासकट साडेअठ्ठावीस टनांपर्यंत भरता येतो. आपली गाडी माणसांसकट धरा दीड टन. म्हणजे ट्रक गाडीच्या एकोणीस पट जड. आता दोघेही ताशी 60 च्या वेगाने समोरासमोर आले आणि एकमेकांत अडकले. थांबेल कोण? कोणीच नाही. जड वस्तू हलकीला आपल्या दिशेने ढकलत नेते. भरलेली हातगाडी आणि समोरून येणारी रिकामी सायकल यांची टक्कर डोळ्यांपुढे आणा. हिशेब केला तर धडकेनंतर दोघे मिळून ट्रकच्याच दिशेने ताशी 54 च्या वेगाने जात असतात. ट्रकचा वेग 60 वरून 54 झाला, फक्त 6 ने बदलला. एस.टी.च्या ड्रायव्हरने जरा जोरात ब्रेक दाबल्यासारखे ट्रकवाल्याला वाटते. गाडीचा वेग मात्र पुढे 60 होता, तो डोळ्याचे पाते लवते न लवते तोच मागे 54 झाला. एकूण बदल 114.

हीच गाडी तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या गाडीवर तेवढ्याच वेगाने आदळली असती तर दोघींचा बदल 60-60 झाला असता. तोही थोडा नाही. ताशी 60 च्या वेगाने आदळणे म्हणजे जवळजवळ पाच मजले उंचीवरून जमिनीवर पडणे. आणि 114 म्हणजे सतरा मजले. धडकेची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून वेग दुपटीपेक्षा थोडा कमी वाढला तरी मार साडेतीन पटींहून जास्त होतो. बैठकीत हे सतरा मजले ऐकल्यावर शांतता झाली होती. आमच्या वस्तीतल्या बहुतेकांनी इमारतीच्या कामावर सतरा मजले चढलेले आहेत, ती उंची त्यांना समजावून सांगावी लागत नाही.

आता शरीराकडे वळू. अपघात एक दिसतो, पण शरीराच्या दृष्टीने तीन धडका होतात. पहिली गाडीची. गाडी थांबते, पण आतला माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो आणि स्टिअरिंगवर, डॅशबोर्डवर, पुढच्या सीटवर आदळतो, ती दुसरी. आणि माणूस थांबला तरी त्याच्या आतले अवयव पुढे जात राहतात, ती तिसरी. मेंदू कवटीच्या आतल्या बाजूवर आपटतो. हृदयातून निघणारी मोठी धमनी छातीत जिथे मागे घट्ट बांधलेली असते तिथे फाटते. असा माणूस बहुधा दवाखान्यापर्यंत येतच नाही. यकृत आणि प्लीहा हे मऊ, रक्ताने भरलेले अवयव. त्यांना चीर गेली की रक्त पोटात साठत जाते आणि बाहेर एक थेंबही दिसत नाही.

मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असते. मांडीचे एक हाड मोडले तर त्या मांडीतच एक ते दीड लिटर रक्त साठू शकते. कमरेच्या हाडांचा चुरा झाला तर त्याहून जास्त. म्हणून "फक्त पाय मोडलाय" असे म्हणत माणसाला तासभर रस्त्यावर बसवून ठेवणे धोक्याचे.

इथे आम्हाला एक गोष्ट सांगितली पाहिजे. नोकरीतली सुरुवातीची वर्षे आम्ही एका जिल्ह्याच्या ठिकाणी अपघात विभागात रात्रपाळीला होतो. पहाटे चारच्या सुमारास एक जीप ट्रकला धडकल्याचे पेशंट आले. त्यात पस्तिशीची एक बाई होती. ती स्वतःच्या पायाने चालत आली. कपाळावर छोटी खोच, बाकी काही नाही. "मला काय झालं नाही ओ सिस्टर, आधी पोरांकडं बघा," असे म्हणून ती बाकड्यावर बसली. आम्ही पोरांकडे बघितले. पोरे रडत होती, एकाचा हात मोडला होता, दुसऱ्याला टाके घालायचे होते. पाऊण तासाने कोणीतरी म्हणाले, बाई घामाने भिजली आहे, पाणी मागते आहे. नाडी धावत होती, रक्तदाब लागत नव्हता. प्लीहा फाटली होती. शस्त्रक्रियेची तयारी होईपर्यंत ती गेली. आल्या आल्या तिचा रक्तदाब आम्ही मोजला नव्हता. नंतर दर पंधरा मिनिटांनी मोजायला हवा होता, तोही नाही. जो पेशंट ओरडत नाही त्याच्याकडे आधी जायचे, हे आम्हाला शिकवलेले होते. त्या रात्री आम्ही ते केले नाही.

तेव्हा अपघातातून चालत बाहेर आलेल्या माणसालाही दवाखान्यात न्या. पोटावर किंवा छातीवर पट्ट्याचा निळा वळ असेल, पोट दुखत किंवा ताठ होत असेल, डाव्या खांद्यात विनाकारण दुखत असेल, अंगाला गार घाम येत असेल, सारखी तहान लागत असेल, तर घरी जाऊ द्यायचे नाही. सोनोग्राफी करा म्हणून डॉक्टरांना आपण होऊन सांगा. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

वजनाचा मुद्दा झाला. पण ट्रकची धडक एवढी वाईट का, याचे अर्धे उत्तर उंचीत आहे. आजच्या गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चुरगळेल असा बनवतात. तो चुरगळायला जो क्षणाचा काही भाग लागतो, तेवढा वेळ आतल्या माणसाला सावकाश थांबायला मिळतो. एअरबॅग उघडायची की नाही हेही पुढच्या भागाला बसलेल्या धक्क्यावरून ठरते. पण ट्रकचा मागचा हौदा गाडीच्या बॉनेटपेक्षा उंच असतो. गाडी मागून गेली की बॉनेट ट्रकखाली शिरते आणि हौद्याची लोखंडी कड थेट काचेवर येते. चुरगळणारा भाग वापरलाच जात नाही, एअरबॅग उशिरा उघडते किंवा उघडतच नाही. समोरच्या दोघांचे डोके आणि मान त्या कडेच्या रेषेत असतात. आम्ही पाहिलेल्या जखमांचे वर्णन इथे करत नाही.

नवीन गाड्यांना मिळणाऱ्या 'स्टार'वर फार विसंबू नका, तेही यासाठीच. भारत एनकॅपची समोरून धडकेची चाचणी ताशी 64 च्या वेगाने, दबणाऱ्या अडथळ्यावर केली जाते. हा अडथळा म्हणजे साधारण आपल्याच वजनाची दुसरी गाडी, असे समजा. साडेअठ्ठावीस टनांच्या ट्रकखाली शिरण्याची ती परीक्षा नव्हे. पाच स्टारची गाडी चांगलीच, फक्त ट्रकपुढे तिचे स्टार फार कामाला येत नाहीत.

हे जगाला फार पूर्वी कळले आहे. 29 जून 1967 रोजी अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सजवळ हॉलिवूडची नटी जेन मॅन्सफिल्ड हिची गाडी रात्री ट्रकच्या मागून आत शिरली. पुढच्या सीटवरची तिन्ही मोठी माणसे मेली, मागे असलेली तिची तीन मुले वाचली. ट्रकच्या मागे खाली जो आडवा लोखंडी बार असतो, त्याला अमेरिकेत आजही तिच्या नावाने ओळखतात. आपल्याकडेही असा बार बंधनकारक आहे आणि तो जमिनीपासून 55 सेंटिमीटरपेक्षा उंच नको, असा नियम आहे. पुढच्या वेळी धाब्यावर थांबाल तेव्हा उभ्या ट्रकांच्या मागे एक चक्कर मारा. कुठे बार वाकलेला, कुठे तारेने बांधलेला, कुठे कापूनच टाकलेला दिसेल. उसाच्या ट्रॉलीला तर बारही नसतो आणि लाल दिवाही नसतो.

दिवा नसतो, म्हणूनच रात्रीचा हिशेब वेगळा होतो. ताशी 80 च्या वेगाने गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. समोर काही आहे हे ओळखून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद. मग ब्रेक लागून थांबायला आणखी पस्तीसेक मीटर. एकूण 55 ते 60 मीटर. खालच्या दिव्यात, म्हणजे डिपरमध्ये, अंधारातली मळकट वस्तू साधारण 50 मीटरवर दिसते. वजाबाकी तुम्हीच करा. बंद पडलेला, दिवे नसलेला ट्रक दिसतो तेव्हा थांबण्याची वेळ गेलेली असते, ड्रायव्हर कितीही तरबेज असो. ट्रकच्या मागे लाल, बाजूला पिवळी आणि पुढे पांढरी चमकणारी पट्टी लावायचा नियम यासाठीच आहे. पट्टी असतेही, पण चिखलाखाली.

15 ऑक्टोबर 2023 च्या मध्यरात्री समृद्धी महामार्गावर वैजापूर तालुक्यात जांबरगावच्या टोलनाक्याजवळ सैलानी बाबांच्या दर्शनाहून नाशिककडे परतणारी मिनीबस ट्रकवर मागून आदळली. बारा जण गेले. शिवसंग्रामचे नेते विनायक मेटे 14 ऑगस्ट 2022 रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर गेले, तेही पहाटे आणि तेही गाडी ट्रकला धडकून. 19 जानेवारी 2023 ला गोवा महामार्गावर माणगावजवळ रेपोली येथे इको आणि ट्रक समोरासमोर आले, तीही पहाट. भाविक असो, पुढारी असो की गावी निघालेले मुंबईकर, हिशेब सगळ्यांना सारखाच लागू पडतो. पहाटे दोन ते पाच या वेळात शरीर आपोआप झोपेकडे जाते. चहाने, तंबाखूने किंवा गाणी मोठ्याने लावून ते थांबत नाही. डोळे उघडे असतानाही मेंदू दोन-तीन सेकंद झोपतो आणि तेवढ्यात गाडी पन्नास-साठ मीटर पुढे गेलेली असते.

ट्रकच्या ब्रेकचेही समजून घ्या. भरलेला ट्रक 80 च्या वेगाने असेल तर थांबायला 85 ते 90 मीटर घेतो, तेही ब्रेक उत्तम असतील तर. हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक पेडल दाबल्यावर क्षणभर उशिराने पकडतात. घाटात सारखे दाबून ड्रम तापला की पकड सुटते. काही जण डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल टाकतात, मग इंजिनाचाही आधार जातो. पुण्यात नवले पुलाच्या उतारावर नोव्हेंबर 2022 मध्ये एका ट्रकने चाळीसहून जास्त गाड्या उडवल्या, त्या उतारावरून गेलेल्यांना हे सांगायला नको. म्हणून ट्रकला ओलांडून लगेच त्याच्यापुढे घुसून ब्रेक मारणे हा शुद्ध वेडेपणा आहे. तसेच ट्रकच्या अगदी पुढे आणि डाव्या बाजूला लागून जी जागा असते, ती ड्रायव्हरला दिसत नाही. त्याचा आरसा तुम्हाला दिसत नसेल तर तुम्ही त्याला दिसत नाही.

आता ट्रकवाल्याला शिव्या देऊन मोकळे व्हायचे का? आमच्या वस्तीतले किती तरी भाऊ ट्रकवर ड्रायव्हर, क्लीनर आहेत. त्यांना विचारा, शेवटचे सलग सहा तास कधी झोपलात. बाबासाहेब मजूरमंत्री असताना कारखान्यातल्या कामगाराचा आठवडा 54 वरून 48 तासांवर आणणारे विधेयक आले आणि 1946 मध्ये त्याचा कायदा झाला. मोटार वाहतूक कामगारांसाठी 1961 मध्ये कायदा झाला, त्यातही दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तासच होते. ट्रकवर तो कोणी पाळला? माल वेळेत पोहोचला नाही तर भाडे कापणारा मालक आणि ट्रकवर चौदा तास बसलेला ड्रायव्हर, यांतला कोण त्या धडकेला जबाबदार, हे कोर्टात सहसा विचारले जात नाही.

आपल्या हातात काय आहे? गाडी ठरवताना भाड्यापेक्षा आधी दोन गोष्टी विचारा: ड्रायव्हर दिवसभर दुसऱ्या भाड्यावर होता का, आणि सगळ्या सीटना पट्टे आहेत का. मागच्या सीटवरच्यांनीही पट्टा लावायचा, हा नियम जुनाच आहे, पण तो लोकांच्या कानावर पडला तो सायरस मिस्त्री 4 सप्टेंबर 2022 ला पालघरजवळ गेले तेव्हा. ते मागे बसले होते आणि पट्टा नव्हता. मागच्याने पट्टा लावला नाही तर तो पुढच्यावर आदळून त्यालाही मारतो. पट्ट्याने सतरा मजल्यांचा मार टळत नाही, हे खरे. पण सगळ्या धडका समोरासमोर आणि 60 च्या वेगाने होत नसतात. ड्रायव्हरने ब्रेक मारून वेग तीसवर आणला असेल तर पट्टावाला वाचतो आणि बिनपट्ट्याचा काचेतून बाहेर जातो, हे आम्ही कितीदा पाहिले आहे. गरोदर बाईने खालचा पट्टा पोटावरून नाही, पोटाखालून मांड्यांच्या वर घ्यायचा आणि तिरका पट्टा दोन स्तनांच्या मधून. लेकराला मांडीवर घेऊन पुढे बसू नका. ताशी 50 च्या धडकेत दहा किलोचे बाळ क्षणभर दीड-दोनशे किलोचे होते. ते कुठल्याही आईच्या हातात राहत नाही, माया कितीही असो.

नऊच्या गाडीत चौदा बसले तर पाच जणांना पट्टा नाही, हे वेगळे सांगायला नको. वर्गणी थोडी वाढेल. बैठकीत याच मुद्द्यावर सगळ्यात जास्त वाद झाला आणि अजून पूर्ण मिटलेला नाही.

अपघात झालाच तर आधी 108 ला फोन करा, राष्ट्रीय महामार्गावर 1033 लाही करा. मागून येणाऱ्या गाड्यांना लांबूनच इशारा द्यायला एक माणूस उभा करा, नाहीतर दुसरा ट्रक येऊन पडलेल्यांवर जातो. आग किंवा बुडण्याचा धोका नसेल तर जखमीला ओढून काढू नका, मान आणि पाठ सरळ राहू द्या. रक्त वाहत असेल तिथे पदर, ओढणी, जे असेल ते घडी करून जोरात दाबून धरा आणि सारखे उचलून बघू नका. पाणी पाजू नका. तो मागेल, तुम्हाला वाईट वाटेल, तरी नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी पोटातले पाणी फुप्फुसात जाऊ शकते. पोलिसांच्या भीतीने पळू नका. मदत करणाऱ्याला नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही, हे आता मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 अ मध्येच लिहिलेले आहे. मे 2025 पासून अपघातातल्या जखमीवर ठरवून दिलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार पैसे न भरता मिळण्याची केंद्राची योजना आहे. काउंटरवर "आधी डिपॉझिट" म्हणाले तर या योजनेचे नाव घ्या.

आणि कागद. नुकसानभरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा असतो. कायद्यात त्यासाठी सहा महिन्यांची मुदत घातली आहे, म्हणून तेराव्या-चौदाव्या दिवसाच्या गडबडीत हा विषय मागे टाकू नका. ट्रक धडक देऊन पळाला आणि सापडलाच नाही तरी मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार रुपये मिळतात, त्याचा अर्ज वेगळा. एफआयआरची प्रत, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल किंवा दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिले आणि मजुरीचा काही पुरावा. मुकादमाची वही, जॉबकार्ड, बँकेत जमा झालेली रक्कम, काहीही चालते. हा पुरावा नसला की आपल्या माणसाची मजुरी अंदाजाने आणि कमी धरली जाते. आमच्या विहारात एका कपाटात अशा फायली ठेवायला सुरुवात केली आहे. सध्या तिथे चार फायली आहेत, त्यातल्या तीन ट्रकच्या धडकेच्या.